पंधरा टक्क्यांचे होतात एकतीस: गाडीच्या सुट्या भागांवरील आयात शुल्काबद्दल खुले पत्र

प्रति,
मा. केंद्रीय अर्थमंत्री,
मा. केंद्रीय वाणिज्य व उद्योग मंत्री,
नवी दिल्ली

प्रत: कोल्हापूर व हातकणंगले मतदारसंघांचे मा. खासदार

विषय: देशात न बनणाऱ्या सुट्या भागांवरील शुल्क आणि त्याचा ग्राहकावर पडणारा खरा भार

महोदय,

आयात शुल्क आणि मोटार हे शब्द एकत्र आले की चर्चा परदेशातून तयार होऊन येणाऱ्या महागड्या गाडीकडे वळते. फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात ४० हजार डॉलरच्या वरच्या गाड्यांचे मूळ शुल्क १०० वरून ७० टक्के झाले, पण सोबत ४० टक्के कृषी उपकर आला आणि एकूण भार ११० टक्केच राहिला. २४ जुलै २०२५ रोजी ब्रिटनशी करार झाला. २७ जानेवारी २०२६ रोजी युरोपीय संघाशी वाटाघाटी पूर्ण झाल्याचे जाहीर झाले. दोन्हीकडे ठरावीक कोट्यापुरते गाड्यांचे शुल्क टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांपर्यंत खाली येणार आहे. यावर भरपूर लिहून आणि बोलून झाले आहे. आम्हाला त्याबद्दल काही म्हणायचे नाही, कारण कागलचा शिक्षक, कोल्हापूरजवळच्या गांधीनगरचा कापड दुकानदार किंवा करवीर तालुक्यातला ऊस उत्पादक ती गाडी घेत नाही. त्याची गाडी चाकणला, गुरुग्रामला नाहीतर साणंदला जुळलेली असते आणि कागदोपत्री पूर्ण भारतीय असते.

तरीही तो आयात शुल्क भरतो. गाडी घेताना थोडे आणि ती पाच-सात वर्षांची झाल्यावर बरेच जास्त. ते कुठल्याच बिलावर वेगळे दिसत नाही, म्हणून त्याबद्दल कोणी तक्रारही करत नाही. आम्ही कोल्हापुरात कास्टिंग ओतणारे, मशिनिंग करणारे, सुटे भाग विकणारे आणि गाड्या दुरुस्त करणारे लोक आहोत. या साखळीची दोन्ही टोके आमच्यासमोर असतात, म्हणून हे पत्र.

आधी हिशेब मांडतो.

गाडीचे सुटे भाग सीमाशुल्काच्या ८७०८ या शीर्षकाखाली येतात: ब्रेक, गिअरबॉक्स, चाके, सस्पेन्शन, स्टिअरिंग, एअरबॅग. यातल्या बहुतेकांवर मूळ शुल्क १५ टक्के आहे. त्या शुल्कावर आणखी १० टक्के समाजकल्याण अधिभार लागतो, म्हणजे खरा दर १६.५ टक्के. समजा एखादा भाग माल, जहाजभाडे आणि विमा धरून न्हावा शेवा बंदरात १०,००० रुपयांना उतरला. शुल्क १,५०० आणि अधिभार १५०. आयातदाराच्या वहीत किंमत झाली ११,६५०. यावर भरलेला आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी) त्याला पुढे वजावटीत मिळतो, म्हणून तो इथे धरत नाही. पण १,६५० रुपयांची वजावट कोणालाच मिळत नाही. ते किमतीत कायमचे मुरतात.

इथून पुढे प्रत्येक जण आपला नफा टक्केवारीने लावतो. आयातदार २० टक्के, वितरक १०, दुकानदार २० असे धरू. ११,६५० चे १३,९८० होतात, मग १५,३७८ आणि शेवटी १८,४५४. त्यावर १८ टक्के जीएसटी लागून ग्राहकाच्या हातात बिल पडते २१,७७५ रुपयांचे. हाच भाग शुल्काविना आला असता तर याच नफ्यांनी आणि याच जीएसटीने तो १८,६९१ ला पडला असता. फरक ३,०८४ रुपयांचा. सरकारने बंदरावर घेतले १,६५०. त्या रकमेवरचा नफा ९६४ आणि नफ्यासकट तिच्यावरचा जीएसटी ४७० रुपये. म्हणजे १५ टक्क्यांचे शुल्क गॅरेजच्या काउंटरवर पोहोचेपर्यंत बंदरातल्या किमतीच्या जवळजवळ ३१ टक्के होते. नफ्याचे टक्के भागागणिक कमीजास्त होतील, पण शुल्क फुगत जाण्याची रीत हीच राहते.

यात रुपयाची पडझड मिसळते. शुल्क डॉलरमधल्या किमतीवर नव्हे, तर सीमाशुल्क मंडळाने जाहीर केलेल्या विनिमय दराने काढलेल्या रुपयातल्या किमतीवर बसते. १०० डॉलरच्या भागावर ८५ च्या दराने अधिभारासह १,४०२ रुपये शुल्क लागते, ९० च्या दराने १,४८५. डिसेंबर २०२५ मध्ये डॉलरने नव्वदी ओलांडली. संसदेत शुल्काचा आकडा हलला नाही आणि तरीही ग्राहकाकडून जास्त शुल्क वसूल होऊ लागले.

नव्या गाडीतही हेच घडते, फक्त प्रमाण लहान असते. कारखान्यातून ६ लाखांना निघणाऱ्या छोट्या पेट्रोल गाडीत १० टक्के, म्हणजे ६० हजारांचे भाग बाहेरचे आहेत असे धरा. त्यांच्यावरचे शुल्क ९,९००. त्यावर १८ टक्के जीएसटी लागून ११,६८२. त्यावर आरटीओचा ११ टक्के एकरकमी कर लागून १२,९६७. यात कंपनीचा किंवा डीलरचा एक रुपयाही नफा धरलेला नाही. बहुतेक घरांत डाउन पेमेंटची रक्कम ठरलेली असते, त्यामुळे वाढलेला प्रत्येक रुपया कर्जात जातो. ९ टक्के व्याजाने सात वर्षांचे कर्ज असेल तर या १२,९६७ चे फेडताना साडेसतरा हजार होतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला, सुट्या भागांवरचाही २८ वरून १८ झाला. त्याचा फायदा खरोखर झाला आणि तो मान्य करायला आम्हाला अडचण नाही. पण शुल्काचा थर त्याच्या खाली होता तसाच आहे.

आता दुरुस्तीकडे येतो, कारण आमच्या मते खरी अडचण तिथे आहे.

ब्रेक डिस्क, ड्रम, क्लच प्लेट, सायलेन्सर, पाटे यांना पर्याय आहेत. ते देशात बनतात, काही तर शिरोलीत आणि गोकुळ शिरगावात ओतले जातात. पण एबीएसचे (जोरात ब्रेक मारल्यावर चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचे) मॉड्यूल, एअरबॅगचा कंट्रोल युनिट, इंजिनचा ईसीएम म्हणजे संगणक, ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा व्हॉल्व्ह बॉडी, कॉमन रेल डिझेल इंजिनचा इंजेक्टर हे मॉडेलनुसार बांधलेले असतात. यातले बरेचसे नव्या मॉडेलसाठी देशात जुळतात हे खरे. मॉडेल बंद झाले आणि पाच वर्षे लोटली की मागणी इतकी पातळ होते की त्यासाठी इथे लाइन चालवणे कोणालाच परवडत नाही. मग तो भाग बाहेरून येतो, शुल्क भरून येतो. देशी उद्योगाला संरक्षण हा शुल्काचा हेतू आहे, पण या भागापुरता संरक्षण द्यायला देशी उत्पादकच शिल्लक नसतो.

आणि हे भाग ग्राहकाने हौसेने घेतलेले नाहीत. एप्रिल २०१९ पासून सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचे झाले. जानेवारी २०२२ पासून पुढच्या दोन्ही सीटना एअरबॅग सक्तीच्या झाल्या. हे निर्णय योग्यच होते, त्यांनी जीव वाचतात. पण सरकारने सक्तीची केलेली वस्तू बिघडली तर ती बदलताना सरकारनेच त्यावर १६.५ टक्के घ्यावेत, ही गाठ कुणीतरी सोडवायला हवी.

ती सुटत नाही तोवर काय होते, तेही नोंदवतो. ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदलायचे असते. ते हवेतले पाणी शोषते आणि वेळेवर बदलले नाही तर मॉड्यूलमधले व्हॉल्व्ह आतून गंजतात. मॉड्यूल गेले की मालक किंमत ऐकतो आणि फ्यूज काढून गाडी साध्या ब्रेकवर चालवतो. पावसाळ्यात आंबा घाट नाहीतर करूळ घाट उतरताना एबीएस नसणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. एअरबॅग उघडली असेल तर त्याहून वाईट प्रकार होतात. भंगारातल्या गाडीची जुनी एअरबॅग आणून बसवली जाते, किंवा एअरबॅगच्या जागी दोन-तीन ओहमचा रेझिस्टर लावून डॅशबोर्डवरचा दिवा तेवढा विझवतात. कंट्रोल युनिटमधली अपघाताची नोंद पुसून तोच युनिट परत घालतात. पुढे ती गाडी विकत घेणाऱ्याला हे कधीच कळत नाही. वापरलेली गाडी घेणाऱ्याने किल्ली ऑन करून एअरबॅगचा दिवा काही सेकंद पेटून विझतो का, हे आधी पाहावे आणि मग स्कॅनर लावून घ्यावा. दिवा अजिबात पेटलाच नाही तर तारेत हात घातला गेला आहे असे समजावे. सगळे मेकॅनिक असे करतात असे नाही, पण मूळ भाग आणि जुगाड यांच्या किमतीतली दरी रुंदावत गेली की जुगाडाला गिऱ्हाईक मिळत जाते. शुल्क ती दरी रुंदावते.

कोल्हापुरात याला आणखी एक पदर आहे: पंचगंगेचा पूर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये दुधाळी, शाहूपुरी, लक्ष्मीपुरीपासून शिरोलीपर्यंत पाणी चढले. बऱ्याच गाड्यांत एअरबॅगचा कंट्रोल युनिट पुढच्या दोन सीटांच्या मध्ये, फरशीला लागून असतो. इंजिनपर्यंत पाणी गेले नाही, केबिनमध्ये वीतभर आले, तरी तो भिजतो. डॅशबोर्डखालचा बॉडी कंट्रोल मॉड्यूल आणि वायरिंगचे कनेक्टर पुढे महिन्या-दोन महिन्यांत हिरवे पडतात. पत्रा, इंजिन, सीट सगळे इथल्या इथे दुरुस्त होते. अडते ते याच दोन-तीन भागांवर.

विमा आहे ना, असे विचारले जाईल. साध्या पॉलिसीत रबर, प्लॅस्टिक, नायलॉन, टायर, बॅटरी आणि एअरबॅग यांच्या किमतीतून ५० टक्के घसारा कापला जातो. धातूच्या भागांवर गाडीच्या वयानुसार कपात होते, पाच ते दहा वर्षांच्या गाडीला ४० टक्के. काचेवर कपात नसते. म्हणजे घसारा न कापणारी 'झिरो डेप' जोड घेतलेली नसेल तर एअरबॅगच्या किमतीत मुरलेले निम्मे शुल्क मालकाच्या खिशातून जाते. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या आयडीव्हीच्या, म्हणजे विम्यात धरलेल्या किमतीच्या, ७५ टक्क्यांवर गेला की गाडी पूर्ण नुकसानीत धरली जाते. आयडीव्ही ४ लाख असलेल्या गाडीला ही रेघ ३ लाखांवर आहे. अंदाजपत्रक ३ लाख १० हजारांचे आले आणि त्यात आयात भाग १ लाख २० हजारांचे असले, तर वरच्या हिशेबाने त्यातले सुमारे १७ हजार केवळ शुल्काचे आहेत. ते वजा केले तर खर्च २ लाख ९३ हजार होतो आणि गाडी दुरुस्त होऊन घरी जाते. त्या १७ हजारांपायी चालू शकणारी गाडी भंगारात जाते आणि घर पुन्हा नव्या कर्जाच्या हप्त्याला लागते.

आम्ही सरसकट शुल्क काढा म्हणत नाही. कोल्हापूरने तसे म्हणणे खोटेपणाचे होईल. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले इथल्या फाउंड्री ग्रे आयर्न आणि एसजी आयर्न या ओतीव लोखंडाचे ब्रेक ड्रम, फ्लायव्हील, हाउसिंग, सिलिंडर हेड ओततात. इथे बीड (ओतीव लोखंड) वितळवून पोट भरणारी घरे हजारोंनी आहेत. बाहेरचे स्वस्त कास्टिंग शुल्काविना आले तर आधी छोटी जॉबवर्कची युनिट बंद पडतील आणि फेटलिंग करणारा, म्हणजे कास्टिंग घासून साफ करणारा, माणूस रिकामा होईल. तेव्हा जे इथे बनते, पुरेसे बनते आणि दर्जाने बनते, त्यावरचे शुल्क राहू द्या. युरोपीय संघाच्या करारात सुट्या भागांवरचे शुल्क पाच ते दहा वर्षांत काढायचे ठरले आहे. त्या उतरणीचे वर्षवार वेळापत्रक शीर्षकागणिक आम्हाला आत्ताच मिळाले पाहिजे, कारण नवी मोल्डिंग लाइन घ्यायची की नाही हे त्यावर ठरते.

संरक्षण देतानाही त्याची किंमत कोण भरतो, हे पाहायला हवे. एप्रिल २०२५ मध्ये सपाट पोलादावर, देशी उद्योगाला आयातीपासून वाचवण्यासाठी, १२ टक्के सुरक्षा (सेफगार्ड) शुल्क आले. आयात महागली की देशी पोलाद कंपनीही आपला भाव आयातीच्या नव्या भावाच्या जवळ नेऊ शकते. पत्र्याचे भाग दाबून बनवणाऱ्या आणि एक किलोही आयात न करणाऱ्या प्रेस शॉपला त्यामुळे जास्त मोजावे लागते. त्याच प्रेस शॉपमधले पत्र्याचे कातरण स्क्रॅप म्हणून आमच्या इंडक्शन भट्टीत जाते, म्हणजे पत्र्याचा भाव चढला की आमच्या भट्टीतला मालही चढतो. एका गाडीसाठी ८०० किलो पत्रा कापला गेला आणि किलोमागे चार रुपये वाढले, तर ३,२०० रुपये तिथेच चढले. शुल्क लावण्यामागे कारण होते हे मान्य आहे. पण ज्या कागदावर पोलाद उद्योगाचे नुकसान मोजले जाते, त्याच कागदावर पत्रा विकत घेणाऱ्याचे नुकसानही मोजले जावे.

अमेरिकेने हेच उलट्या बाजूने दाखवले आहे. ३ मे २०२५ पासून तिथे सुट्या भागांवर २५ टक्के शुल्क लागू झाले आणि ४ जूनपासून पोलादावर ५० टक्के. ऑर्डर घटल्या की कास्टिंगची किंमत इथेही वाढते. पॅटर्न (साचा) आणि फिक्स्चर (मशिनिंगसाठी भाग पकडणारी चौकट) यांना ४ लाख लागले आणि २० हजार नग निघाले तर नगाला २० रुपये पडतात. १२ हजारच निघाले तर ३३. भट्टी अर्धी भरली म्हणून वीजबिलातला डिमांड चार्ज, म्हणजे वापर कमी झाला तरी भरावा लागणारा आकार, अर्धा होत नाही. हा वाढलेला खर्च काही प्रमाणात देशी गिऱ्हाइकावर चढतो. म्हणजे वॉशिंग्टनमधल्या शुल्काचा एक तुकडा कोल्हापूरच्या गाडीमालकाच्या बिलातही येऊन बसतो. निर्यातदाराला मदत देताना अशा पॅटर्न-फिक्स्चरच्या खर्चाचा विचार झाला, तर व्याजसवलतीपेक्षा ती छोट्या फाउंड्रीला जास्त उपयोगी पडेल.

आमची मुख्य मागणी एक आहे. सीमाशुल्क कायद्याच्या कलम २५ खाली अधिसूचना काढून, देशात न बनणाऱ्या सुरक्षा भागांच्या बदली नगांवर शुल्क माफ करावे: एबीएस आणि ईएससी (गाडी घसरताना सावरणारी यंत्रणा) मॉड्यूल, एअरबॅग व तिचे कंट्रोल युनिट, धडकेच्या क्षणी सीटबेल्ट ताणणारे प्रिटेन्शनर, पॉवर स्टिअरिंगचे युनिट. संपूर्ण शीर्षकाला सूट देऊ नये, कारण ८७०८ च्या शेवटच्या 'इतर' या उपशीर्षकात सगळेच शिरते आणि सवलतीचा गैरवापर तिथूनच होतो. यादी पार्ट नंबरनुसार करावी. ती प्रसिद्ध करून देशी उत्पादकांना हरकतीसाठी ६० दिवस द्यावेत. कोणी 'हा भाग मी बनवतो' म्हणाला तर त्याने मागच्या वर्षीचा पुरवठा दाखवावा, नुसती क्षमता चालणार नाही. दाखवला तर तो नंबर यादीतून बाहेर. सशर्त सूट दोन वर्षांनी आपोआप संपण्याची तरतूद कायद्यात आहेच, त्यामुळे आढावाही आपोआप होईल. कारखान्यांसाठी असलेली सवलतीच्या आयातीची नियमावली इथे लावू नये. ती बाँड, कच्च्या मालाचा हिशेब आणि तिमाही विवरण मागते, आणि महिन्याला चाळीस नग आणणारा सुट्या भागांचा आयातदार त्यात टिकणार नाही.

शुल्क माफ झाले तरी ते ग्राहकापर्यंत पोहोचेल का, ही शंका आम्हालाही आहे. नफेखोरीविरोधी तक्रारींची जीएसटीखालची व्यवस्था १ एप्रिल २०२५ पासून नव्या प्रकरणांसाठी बंद झाली. कंपनी एका पार्ट नंबरला देशभर एकच एमआरपी लावते, मग तो जपान किंवा कोरियाशी असलेल्या करारामुळे कमी शुल्काने आलेला असो वा पूर्ण शुल्काने. स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटींचा दंड सुनावला, तो मूळ सुटे भाग खुल्या बाजारात मिळू न देण्याबद्दलच. म्हणून सवलतीला एक अट जोडावी: यादीतल्या भागाची एमआरपी कंपनीने संकेतस्थळावर जाहीर करावी आणि तो भाग अधिकृत वर्कशॉपबाहेरच्या गॅरेजलाही त्याच किमतीला विकावा. वैधमापन नियमांप्रमाणे पाकिटावर आयातदाराचे नाव, मूळ देश आणि एमआरपी छापावीच लागते. त्याच लेबलवर 'शुल्कमुक्त यादीतील भाग' एवढी ओळ वाढवली तर ग्राहक स्वतः पडताळणी करू शकेल.

यादीचे काम आम्ही आमच्या बाजूने करून देऊ. गेल्या तीन वर्षांत कोल्हापूरच्या गॅरेजांत कोणते भाग मागवले गेले, यायला किती दिवस लागले, किती मालकांनी किंमत ऐकून नकार दिला, याची पार्ट नंबर, शीर्षक, मूळ देश आणि बिलाची रक्कम यांसह नोंद आपल्या कार्यालयाने मागितल्यापासून ४५ दिवसांत दोन्ही खासदारांमार्फत पाठवू. पुरात भिजलेल्या गाड्यांचे भाग त्यात वेगळे दाखवू. यादीचा पहिला मसुदा लवकर निघाला, तर पुढच्या पावसाळ्याआधी वितरकांकडे माल येऊ शकेल. समुद्रमार्गे माल यायला, न्हावा शेवाला सुटायला आणि पुणे-बंगळूर रस्त्याने इथे पोहोचायला दोन महिने सहज जातात.

आपले,
कोल्हापुरातील फाउंड्री, मशीन शॉप, सुटे भाग विक्री आणि गॅरेज व्यवसायातील काही जण